पडद्यावरची पागा

संगणकाच्या पडद्यावर घोडे पाळण्याचे, त्यांना शिकवण्याचे आणि मुख्यतः त्यांची पैदास करण्याचे खेळ सुमारे साडेतीन दशकांपासून जगात खेळले जात आहेत. जपानमध्ये 1991 साली निघालेला ‘डर्बी स्टॅलियन’, फ्रान्समधील आउलिएंत या कंपनीने 2005 साली सुरू केलेला आणि 2011 साली युबिसॉफ्टच्या मालकीचा झालेला ‘हाऊर्स’, आणि खऱ्या घोड्यांच्या जनुकशास्त्रावर बेतलेला ‘हॉर्स रिअॅलिटी’ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. हाऊर्ससारख्या खेळाला शेवट नसतो. बुद्धिबळात राजा कोंडला की डाव संपतो, पण येथे एका पिढीतून दुसरी पिढी निघत राहते आणि खेळणाऱ्याची पागा वाढत जाते. त्यामुळे काय मिळवले म्हणजे जिंकलो हे खेळणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते. पैदाशीची रीत या ठरवण्यातून निघते, आणि दोन पागांमध्ये एकाच प्रकारच्या शिंगराची किंमत आकाशपाताळाइतकी वेगळी का असते, याचे उत्तरही तेथेच सापडते.

हाऊर्समध्ये प्रत्येक घोड्याच्या अंगी सहा गुण मोजले जातात: दमसास, वेग, ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर डौलाने ठरावीक चाली करून दाखवण्याची कला, भरधाव दौड, दुडकी चाल आणि उडी. या सहा गुणांत घोडा जन्मतः किती मजल मारू शकतो, त्या आकड्यांच्या बेरजेला खेळात आनुवंशिक क्षमता म्हणतात आणि प्रत्येक जातीत सर्वाधिक क्षमतेच्या घोड्यांची क्रमवारी लागते. ही क्षमता पिढीगणिक थोडीथोडी वाढवत नेणे हे बहुसंख्य गंभीर खेळाडूंचे ध्येय असते. त्यासाठी अनेक जण गट करून एकच जात वाटून घेतात आणि आपल्या जातीतला सर्वात वरचा घोडा आपल्याच गटाच्या पागेत जन्मावा म्हणून चढाओढ करतात.

या चढाओढीची किल्ली ‘ब्लप’ नावाच्या आकड्यात आहे. तो उणे 100 पासून 100 पर्यंत जातो आणि आईबापांचा ब्लप जितका वर, तितकी त्यांच्या शिंगराची आनुवंशिक क्षमता चांगली निघते. हे नाव खेळाने खऱ्या पशुपैदास-शास्त्रातून उचलले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ सी. आर. हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दुभत्या गुरांच्या निवडीसाठी एक गणिती पद्धत विकसित केली; ‘सर्वोत्तम रेषीय निःपक्षपाती अनुमान’ असा अर्थ असलेल्या तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ब्लप हा शब्द बनला. जनावराची स्वतःची कामगिरी आणि त्याच्या आईबापांची, भावंडांची, संततीची कामगिरी एकत्र मांडून, चारा, हवामान, देखभाल यांचा परिणाम वजा करून, ते जनावर पुढच्या पिढीला नेमके काय देईल याचा अंदाज ही पद्धत बांधते.

खेळाने नाव ठेवले, अर्थ मात्र उलटा केला. खऱ्या ब्लपमध्ये घोड्याला कितीही शिकवले तरी त्याची जनुके बदलत नाहीत, शिकवणीचा परिणाम हिशेबातून काढून टाकण्यासाठीच तर ती पद्धत आहे. हाऊर्समध्ये मात्र घोड्याचे शिक्षण पूर्ण केले, त्याला वीस स्पर्धा जिंकून दिल्या आणि तो दहा वर्षांचा झाला की ब्लप 100 होतो, आणि त्या कष्टांचे फळ थेट शिंगराच्या अंगात उतरते. आयुष्यात कमावलेला गुण संततीला मिळतो, हा विचार फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने 1809 साली मांडला होता आणि पुढे जीवशास्त्राने तो बाजूला सारला. तो एका फ्रेंच खेळात असा पुन्हा जिवंत व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. खेळ म्हणून हा नियम सोयीचाही आहे, कारण त्यामुळे घोड्याची रोजची काळजी, त्याचे शिक्षण आणि पैदास या तीन गोष्टी एकाच दोरीत ओवल्या जातात. निव्वळ जनुकांवर चालणाऱ्या खेळात घोड्याला रोज शिकवण्याचे कारणच उरले नसते.

यातून पहिला डावपेच निघतो तो वेळेचा. हाऊर्समध्ये खेळणाऱ्याच्या एका दिवसात घोडा दोन महिन्यांनी मोठा होतो, म्हणजे घोड्याचे एक वर्ष सहा दिवसांत सरते, अकरा महिन्यांचे गाभणपण साडेपाच दिवसांत आटोपते आणि दहा वर्षे पुरी व्हायला साठ दिवस लागतात. घोडी मात्र अडीच वर्षांची, म्हणजे पंधरा दिवसांचीच, झाली की फळवता येते. कोवळ्या वयात फळवली तर दोन महिन्यांत जवळजवळ तीन पिढ्या निघतील, पण प्रत्येक पिढी दुबळ्या ब्लपची. थांबले तर पिढी एकच, पण भरीव. पशुपैदाशीच्या शास्त्रात याला पिढीचे अंतर म्हणतात: दर वर्षी होणारी सुधारणा ही निवड किती अचूक, किती कडक आणि कळपात विविधता किती यांच्या गुणाकारास पिढीच्या अंतराने भागून मिळते. खऱ्या घोड्यांत हे अंतर साधारण दहा वर्षांच्या घरात असल्याने एका माणसाच्या उमेदीत चार पिढ्या पाहायला मिळाल्या तरी पुष्कळ झाले. हाऊर्समधले मुरलेले खेळाडू बहुधा थांबण्याचा मार्ग घेतात आणि वय वाढवणारे खास पॉइंट खर्चून तो आखूड करतात. साठवलेल्या किंवा खऱ्या पैशांनी घेतलेल्या साधनांच्या बळावर काळ असा विकत मिळू लागला की कौशल्य कोठे संपते आणि खिसा कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड होते.

डर्बी स्टॅलियनची पागा वेगळ्या विचारावर उभी आहे. तेथे घोडे शर्यतीचे, म्हणजे थरोब्रेड जातीचे. या जातीची वंशावळ इंग्लंडमध्ये 1791 पासून छापली जाते आणि आजच्या साऱ्या थरोब्रेड नरांची पितृवंशरेषा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीनच घोड्यांपर्यंत मागे जाते. साहजिकच येथे खेळाडूचे डोळे शिक्षणाआधी वंशावळीवर असतात. जपानी शर्यतशौकिनांत ‘चमत्काराचे रक्त’ असा एक लाडका शब्दप्रयोग आहे: एकच नामांकित पूर्वज एका बाजूने तिसऱ्या आणि दुसऱ्या बाजूने चौथ्या पिढीत आला, तर त्याच्या रक्ताचा वाटा 12.5 अधिक 6.25 असा 18.75 टक्के भरतो आणि असे शिंगरू असामान्य निघते, असा समज. खेळाने तो नियमात बसवला, पण जवळच्या नात्यातील मेळ जितका दाट तितकी प्रकृती नाजूक होण्याचा धोकाही सोबत ठेवला.

रक्ताचा वाटा आणि सगोत्रता या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी 1922 साली सगोत्रतेचा गुणांक मांडला. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता तो सांगतो. सख्ख्या भावाबहिणींच्या संततीत हा गुणांक 25 टक्के, सावत्र भावंडांच्या संततीत 12.5 टक्के येतो, आणि 18.75 टक्के रक्ताच्या त्या चमत्कारी शिंगरात, इतर नाते नसेल तर, तो जेमतेम 1.56 टक्के भरतो. म्हणजे ज्याला खेळाडू धाडस समजतो, ते गणिताच्या दृष्टीने बरेच सावध पाऊल असते.

क्रमवारी आणि शर्यत यांच्या पलीकडे खेळाडूंचा तिसरा वर्ग आहे, आणि या खेळांचे खरे वैविध्य त्याच्यामुळेच टिकले आहे. आकड्यांमागे धावणारे सगळे शेवटी त्याच काही नावाजलेल्या नरांकडे वळतात आणि त्यांच्या पागा एकसारख्या दिसू लागतात. उलट कोणी मागचे आईबाप नसलेल्या मूळ घोड्यांपासून स्वतःचाच वंश उभारतो आणि बाहेरचे रक्त घेत नाही, कोणी दुर्लक्षित जात सांभाळतो, तर कोणी फक्त रंगाच्या मागे असतो. रंगाचे वेड मराठी मुलखालाही परके नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही पंचकल्याण, म्हणजे चार पाय आणि कपाळ पांढरे असलेला घोडा, डोळ्यांत भरतो.

हॉर्स रिअॅलिटीसारख्या खेळात रंगाची पैदास ही मेंडेलच्या नियमांची उजळणीच असते. तांबडा रंग अप्रभावी, म्हणजे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती तांबड्या असतील तेव्हाच दिसणारा. क्रीम नावाचे दुसरे जनुक रंग फिका करते: तांबड्या घोड्यात त्याची एक प्रत आली की सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा पॅलोमिनो होतो, आणि दोन आल्या की सायीच्या रंगाचा, निळ्या डोळ्यांचा क्रेमेलो. नवखा खेळाडू पॅलोमिनो हवा म्हणून दोन पॅलोमिनोंचा मेळ घालतो आणि सरासरी निम्मीच शिंगरे सोनेरी मिळाल्यावर खट्टू होतो, कारण एकूण शिंगरांपैकी एक चतुर्थांश तांबडी आणि एक चतुर्थांश क्रेमेलो निघतात. जाणकार क्रेमेलोला तांबड्याशी फळवतो. क्रेमेलो दर वेळी क्रीमची एकच प्रत देतो, तांबडा एकही देत नाही, त्यामुळे जन्मणारे प्रत्येक शिंगरू पॅलोमिनोच. म्हणूनच क्षमतेच्या आकड्यात मागे पडल्यामुळे एका पागेने मातीमोल भावाने बाजारात सोडलेल्या साध्या तांबड्या घोडीसाठी, घरी क्रेमेलो नर बांधून ठेवलेला दुसरा खेळाडू लक्ष ठेवून बसलेला असतो.