कुलूप एक, कामे दोन

गरोदरपणात ताप आला की घरातली माणसे बाळाच्या काळजीत पडतात. या काळजीला आधार आहे. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवले, की गरोदरपणी रुबेला झालेल्या आयांची बाळे जन्मतःच मोतीबिंदू घेऊन येत होती. रुबेलाचा विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतो. पण जंतू गर्भापर्यंत पोचलाच नाही, तर धोका नाही असे म्हणता येईल का?

जखमेभोवती लाली, सूज आणि ऊब येते, त्याला आपण दाह म्हणतो. या वेळी प्रतिकार करणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. २००७ साली अमेरिकेत पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरांना कोणताही जंतू न टोचता इंटरल्यूकिन-६ हा एकच सायटोकाइन टोचला. पिलांच्या वागणुकीत दोष दिसले. आईच्या शरीरात कृत्रिमरीत्या दाह निर्माण करून हा सायटोकाइन प्रतिपिंडाने निकामी केला, तेव्हा ते दोष टळले. म्हणजे जंतूइतकाच त्याच्याशी चाललेला लढाही गर्भाला जाचू शकतो. अर्थात बहुसंख्य आजारी मातांची बाळे निरोगीच जन्मतात. वाढतो तो धोका, आणि तोही थोडा.

मेंदूतले कुलूप

मग हा दाह आवरता येईल का? येथे भांग-गांजाची वनस्पती चर्चेत येते. तिच्यातील नशा आणणारे द्रव्य टीएचसी हे १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९८८ साली मेंदूतील पेशींवर त्याची किल्ली बसेल असे कुलूप, म्हणजे ग्राही रेणू, सापडले. पण एका झाडाच्या किल्लीसाठी मेंदूत कुलूप कशाला असेल? उघडच आहे, शरीराची स्वतःची किल्ली असली पाहिजे. ती १९९२ साली डुकराच्या मेंदूत सापडली. संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ शब्दावरून तिचे नाव आनंदामाइड ठेवले.

चेतापेशी गरजेपुरते असे रेणू आपल्याच आवरणातील मेदापासून तयार करतात. ते मागे जाऊन निरोप पाठवणाऱ्या पेशीला ‘आता पुरे’ असे सांगतात आणि लगेच विघटित होतात. १९९३ साली दुसरे कुलूप सापडले. ते मुख्यतः प्रतिकार करणाऱ्या पेशींवर असते. ते उघडले की सायटोकाइनचा मारा कमी होतो. वनस्पतीतील दुसरे द्रव्य, सीबीडी, नशा आणत नाही. ऑक्सिजन कमी पडलेल्या नवजात डुकराच्या पिलांना ते दिले असता मेंदूची हानी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले.

मग गरोदर मातेला ते द्यावे का?

नाही. एक तर ही पिले जन्मलेली होती, गर्भात नव्हती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. पहिले कुलूप गर्भाच्या मेंदूत आणखी एक काम करते. वाढणाऱ्या चेतातंतूंनी कोठे वळावे, कोठे थांबावे आणि कोणाशी जोडले जावे, हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. आनंदामाइड क्षणभर, योग्य जागी काम करून नाहीसे होते. टीएचसी मात्र वार ओलांडते, मेदात साठते आणि दीर्घकाळ रेंगाळते. दिवा गरजेपुरता लावणे वेगळे आणि बटण दाबूनच धरणे वेगळे. गरोदरपणी गांजा घेणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरीने कमी वजनाची आढळली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली गर्भवती आणि स्तनदा मातांना टीएचसी व सीबीडी दोन्हींपासून दूर राहण्यास सांगितले.

गर्भाच्या संरक्षणाचे खात्रीचे उपाय साधे आहेत. रुबेलाची लस गरोदरपणाआधीच घ्यावी. भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम २०१७ साली सुरू झाली. गरोदरपणात ताप आल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे.

‘झाडपाला आहे, अपाय कसा होईल?’ असे वर्गात कोणी विचारले, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारून पाहा. हे द्रव्य किती? कोणत्या वेळी? आणि कोणाच्या शरीरात? औषध आणि विष यांतला फरक बहुधा याच तीन उत्तरांत असतो.