टेंभुर्णी : पानांचे झाड की फळांचे?

पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या आसपास, जिंतूर तालुक्याच्या डोंगरउतारांवर, चैत्र-वैशाखात रान कोरडे पडते. अशा दिवसांत आपल्या पानगळीच्या जंगलांत उंच झाडांखाली पिवळी, गोल फळे पिकतात. ती टेंभरं! परभणी-हिंगोलीकडच्या आंध बांधवांपासून विदर्भातील गोंड बांधवांपर्यंत रानाशी नाते असलेल्या अनेकांना ती परिचित आहेत. टेंभुर्णी नावाची गावे सोलापूर आणि जालना जिल्ह्यांतही आहेत.

टेंभुर्णी म्हणजेच तेंदू. साल काळी, भेगाळलेली. जुन्या झाडाचा गाभाही काळा, कारण आबनूस याच कुळातला. कच्चे फळ इतके तुरट की तोंड आखडते. पिवळे होऊन मऊ पडले की गर गोड लागतो. नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असतात, म्हणून प्रत्येक झाडाला फळ येत नाही. माणसांइतकीच ही फळे अस्वले, माकडे आणि पक्ष्यांनाही आवडतात. बिया रानभर पसरतात त्या त्यांच्यामुळेच.

पण बाजारात या झाडाला ओळखतात ते विडीच्या पानासाठी. मोठी, कोवळी पाने मिळावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपे छाटतात. काही ठिकाणी रानाला आगही लावतात. मुळांपासून नवे फुटवे येतात, पाने मिळतात. मात्र दरवर्षी छाटलेल्या झुडपाचे झाड होत नाही आणि त्याला फळही धरत नाही. आगीत तर इतर रोपेही जळतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने यावर विचार केला. वनहक्क कायदा, २००६ नुसार या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूविक्रीतून उत्पन्न सुरू झाले. त्यानंतर ग्रामसभेने तेंदूपाने तोडायची नाहीत, असे ठरवले. झाडे वाढू लागली. फळे माणसांना आणि पाखरांनाही मिळू लागली.

प्रत्येक गावाला हे जमेलच असे नाही. पानांच्या हंगामाची मजुरी अनेक घरांचा पावसाळा तारून नेते. ती सोडा, असे कोणी सहज सांगू नये. पण आग न लावणे आणि फळ देणारी काही झाडे न छाटता राखणे, एवढे तर कोणत्याही ग्रामसभेला ठरवता येईल. तेंदूपान हे कायद्याने गौण वनोपज आहे आणि वनहक्कधारकांना त्यावर मालकी हक्क आहे. ज्याचा हक्क, राखणही त्याचीच.

या उन्हाळ्यात मुलांना रानात घेऊन जा, एखादे पिकलेले टेंभर त्यांच्या हातावर ठेवा. चव कळली, की झाड राखावेसे वाटते.