विजेच्या बिलातून नदीला प्राणवायू

सांडव्यावरून फेसाळत कोसळणारे पाणी पाहिले, की या पाण्याला प्राणवायूची काय वाण, असे तुम्हांला वाटेल. ते खरेच आहे. परंतु वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी.

उन्हाळ्यात खोल जलाशयातील वरचे पाणी तापून हलके होते. खालचे थंड पाणी जड, म्हणून ते तळाशीच राहते. हे थर एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. त्यामुळे हवेतील प्राणवायू तळापर्यंत पोचत नाही. उलट तेथे कुजणारा पालापाचोळा आणि मेलेले शेवाळ पाण्यात होता तो प्राणवायूही संपवतात. टर्बाइनकडे पाणी नेणारी तोंडे पुष्कळदा खोलवर असतात. साहजिकच धरणाखालच्या नदीला मिळते ते हेच गुदमरलेले पाणी. त्यात मासे जगणार कसे?

अमेरिकेतील टेनेसी नदीच्या खोऱ्यात हा प्रश्न मोठा होता. पूरनियंत्रण, नौकानयन आणि वीज यांसाठी तेथे 1933 साली टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही सरकारी संस्था स्थापन झाली. (आपले दामोदर खोरे महामंडळ 1948 साली याच नमुन्यावर उभे राहिले.) 1991 साली संस्थेने धरणांखालच्या पाण्यातील प्राणवायू वाढवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ट्राउट मासा राहतो त्या थंड पाण्यात लिटरला 6 मिलिग्रॅम व इतरत्र 4 मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे उद्दिष्ट ठरले.

उपाय मोठे गमतीचे आहेत. डग्लस धरणाच्या तळाशी सच्छिद्र नळ्या पसरून त्यांतून प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडतात. साउथ होल्स्टन धरणाच्या खाली एक ठेंगणा बांध घातला आहे. त्यावरून पडताना पाणी हवा घेते. नॉरिस धरणात तर पंपही लागत नाही. टर्बाइनच्या चाकाखाली पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. तेथे हवेला वाट करून दिली, की हवा आपोआप आत ओढली जाते!

पण फुकट काहीच नाही. हवा मिसळली की टर्बाइनची कार्यक्षमता थोडी घटते. हा तोटा किती, याचा अंदाज स्वतः करून पाहा. समजा, 1 घनमीटर पाणी 50 मीटर खाली आले. त्याची ऊर्जा 1000 × 9.8 × 50, म्हणजे 4 लाख 90 हजार ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. तेव्हा एका युनिटासाठी सुमारे 7.35 घनमीटर पाणी लागेल, आणि यंत्रातील घट धरता सुमारे आठ. कार्यक्षमता शेकडा एकने जरी उतरली, तरी दर शंभर युनिटांमागे एक युनिट नदीच्या खात्यावर गेले असे समजा. माझ्या मते हाही निधीच आहे, फक्त तो पैशांत मोजलेला नाही.

पैशांचे काय? वीजविभागाने आपला खर्च उत्पन्नातून व कर्जरोख्यांतून भागवावा, असा कायदा 1959 साली झाला. नदी आणि जमीन यांच्या देखभालीला मात्र सरकारी तिजोरीतून अनुदान मिळत असे. ते 1999 नंतर थांबले. तेव्हापासून हा भार मुख्यतः वीजविक्रीवर आहे. त्यातूनच जलाशयांभोवतालच्या सुमारे 2 लाख 93 हजार एकर जमिनीची निगा राखली जाते. नदीच्या हिशेबात जमीन कशाला, असे विचाराल. तर काठ ढासळले की गाळ येतो, आणि गाळाबरोबर शेवाळाचे खाद्यही.

या व्यवस्थेत एक पेच आहेच. ही संस्था कोळशावरही वीज बनवते. 22 डिसेंबर 2008 रोजी तिच्या किंग्स्टन वीजकेंद्रातील राखेचा बंधारा फुटून ओली राख एमरी नदीत शिरली. साफसफाईला एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्च आला, आणि तोही वीजग्राहकांच्या बिलांतूनच वसूल झाला.