विश्लेषण : पत्नीसाठी रिव्हॉल्व्हर निवडताना ‘हलके तेच सोपे’ हा समज का चुकतो?

पतीकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे आणि आता पत्नीलाही स्वसंरक्षणासाठी शस्त्र घ्यायचे आहे. अशा वेळी दुकानात बहुतेकदा ‘लहान, हलके दाखवा’ अशीच मागणी होते. नवख्या हातासाठी मात्र हीच निवड अडचणीची ठरू शकते.

पतीच्या परवान्यावर चालते का?

नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना व्यक्तीच्या नावे असतो, कुटुंबाच्या नव्हे. पत्नीला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. वय किमान २१ वर्षे हवे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणही आवश्यक आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैद होऊ शकते.

हलके रिव्हॉल्व्हर अवघड का?

गोळी सुटताना शस्त्र मागे झटका देते. काडतूस तेच असेल, तर शस्त्र जितके हलके तितका हा झटका हाताला जास्त जाणवतो. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ .३२ बोअरचे असून वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. ते पर्समध्ये मावते. पण बाळगायला सोपे म्हणजे चालवायला सोपे नव्हे. थोडे जड शस्त्र हातात स्थिर राहते.

हातात घेऊन काय पाहावे?

शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात.

• पकड : मूठ हातात पूर्ण बसते का, बोट ताण न देता ट्रिगरपर्यंत पोहोचते का?

• ट्रिगर : हॅमर मागे न ओढता थेट ट्रिगर दाबला, की तो लांब आणि जड लागतो. नळी न हलता तो सलग अनेकदा दाबता येतो का?

• नेम : लहान नळीवर पुढची आणि मागची माशी जवळजवळ असतात. त्यामुळे नेमातली छोटी चूकही लक्ष्यावर मोठी होते.

सुरुवात कशी करावी?

मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली .२२ पासून. झटका कमी असल्याने गोळी सुटताना डोळे मिटण्याची किंवा हात आक्रसण्याची सवय लागत नाही. शिकवण्याचे काम पतीने प्रशिक्षकावर सोडलेले बरे.

अंतिम निवड कोणाची?

जिच्या नावे परवाना, तिचीच. हाताला दुखणाऱ्या शस्त्राचा सराव होत नाही, आणि सराव नसलेले शस्त्र घरातल्यांनाच धोक्याचे. घरात मुले असतील, तर शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात हवीत. ही सोय होत नसेल, तर खरेदी पुढे ढकलणेच शहाणपणाचे.