१४३० पानांचं गाणं

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेला पाहुणा, लातूरचा असो की लुधियानाचा, कळसावर सोनं किती किलो आहे ते आधी विचारतो. खरा हिशेब आत, ग्रंथावर पांघरलेल्या रुमाल्याखाली आहे. गुरू ग्रंथसाहिबाची पानं १४३०. पहिली १३ नित्याच्या प्रार्थनांची. चौदाव्या पानावर सिरी राग लागतो आणि जैजैवंती आटोपेपर्यंत १३५३वं पान उजाडतं. म्हणजे शंभरातली जवळजवळ चौऱ्याण्णव पानं रागवार लावलेली. राग एकूण ३१.

रचना सुमारे ५,९००. एकेक दहा मिनिटं गायची म्हटली, तर रात्रंदिवस न थांबता ४१ दिवस! (काही दोनच ओळींच्या आहेत, पण ‘सुखमनी’ या एकट्या रचनेला तास पुरत नाही.) नुसता अखंड पाठ मात्र ४८ तासांत उरकतो.

रागांतल्या पदांच्या डोक्यावर राग आणि रचनाकाराची खूण. पुष्कळ ठिकाणी १ ते १७ पैकी एखाद्या ‘घरा’चा आकडाही, तो गाणाऱ्यासाठी. पदाच्या शेवटी कडव्यांची संख्या आणि मग पदांची चालू बेरीज. अगदी वाण्याच्या चोपडीसारखी! मधेच कुणी पद घुसडलं, तर जमाखर्च जुळत नाही. १६०४ मध्ये ही चोपडी गुरू अर्जनदेवांनी बांधली; त्यांच्या स्वतःच्याच रचना बावीसशेवर. पुढे १७०८ मध्ये, इथे नांदेडलाच, गुरू गोविंदसिंगांनी गादी ग्रंथाला दिली.

या पसाऱ्यात शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचा आपला नामा शिंपी ६१ पदं घेऊन बसला आहे, आणि तीही १८ रागांत. त्याच्यामागे अडीचशे वर्षांनी, पंजाबात, ही पदं ग्रंथात आली. आपण त्याचे अभंग तोंडपाठ म्हणतो आणि ही पदं ऐकतही नाही, हे मला तरी खटकतं. सुरुवात मल्हार आणि भैरव या रागांतल्या पदांनी करावी. नाम्याला देवळातून हाकललं आणि देऊळच त्याच्याकडे फिरलं, ती गोष्ट दोन्हींत आहे. आपल्याकडे ती औंढ्या नागनाथाची म्हणून सांगतात.

पहाटे उठवत असेल तर आसा रागातली ‘आसा दी वार’ ऐकावी. पेटी, तबला आणि २४ पौड्या, म्हणजे कडवी. तेवढी सवड नसेल त्यानं जैजैवंती घ्यावा. हा एकतिसावा राग नंतर आला. त्यात चारच पदं आहेत आणि चारही गुरू तेगबहादुरांची.