एकदल व द्विदल वनस्पतींतील भेद : सातारा-सांगली परिसरातील उदाहरणांच्या आधारे एक विवेचन

सारांश

सपुष्प वनस्पतींचे एकदल व द्विदल असे विभाजन माध्यमिक शाळेपासून पदवी वर्गापर्यंत तक्त्याच्या स्वरूपात शिकविले जाते. प्रस्तुत लेखात या तक्त्यातील लक्षणांचा विचार सातारा व सांगली जिल्ह्यांतील पिके आणि कास पठारावरील वनस्पती यांच्या आधारे केला आहे. एकदल हा एक नैसर्गिक वंश आहे; पारंपरिक अर्थाने 'द्विदल' हा तसा वंश नाही. कोणतेही एक लक्षण निर्णायक नसून लक्षणांचा समुच्चय महत्त्वाचा आहे. तथापि शेतीव्यवहारात हा भेद आजही अत्यंत उपयुक्त ठरतो, हे येथे स्पष्ट केले आहे.

प्रस्तावना

जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व लगतची संस्थाने मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस सह्याद्रीची जांभ्या खडकाची पठारे, मध्यभागी कृष्णा-कोयनेचे उसाचे खोरे आणि पूर्वेस माणदेश, आटपाडी, जत हा अवर्षणप्रवण पट्टा अशी या प्रदेशाची रचना आहे. ऊस, ज्वारी, हळद ही येथील एकदल पिके, तर द्राक्ष, डाळिंब, सोयाबीन, हरभरा, भुईमूग व घेवडा ही द्विदल पिके होत. अनेक ठिकाणी ही पिके एकाच बांधाच्या दोन बाजूंस, तर कधी एकाच सरीत उभी असतात. त्यामुळे या विषयाच्या अध्यापनास आवश्यक असे सर्व साहित्य महाविद्यालयाच्या परिसरातच उपलब्ध आहे.

वर्गीकरणाची पार्श्वभूमी

बीजातील दलांच्या संख्येला वर्गीकरणात स्थान देण्याचे श्रेय इंग्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांच्याकडे जाते. त्यांनी १६८२ च्या ग्रंथात हा भेद मांडला व १७०३ च्या सुधारित आवृत्तीत तो अधिक पक्का केला. बेंथम व हूकर यांच्या १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच दोन वर्ग प्रमुख मानले गेले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तोही याच चौकटीत होता. आपल्या अनेक महाविद्यालयांतील वनस्पतिसंग्रहांची मांडणी या परंपरेतूनच आलेली आहे.

व्यवहारात मात्र हा भेद ग्रंथांच्याही आधीपासून ज्ञात होता. ज्या दाण्याची डाळ पडते ते द्विदल, ही स्वयंपाकघरातील ओळख शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. हरभरा भरडला असता वेगळी होणारी दोन शकले म्हणजे त्याची दोन बीजपत्रेच होत. ज्वारी भरडली तर कण्या होतात, डाळ होत नाही.

प्रमुख लक्षणे

१) बीज : कोरेगावचा वाघ्या घेवडा रुजताना त्याची दोन जाड बीजपत्रे जमिनीवर येतात, हरभऱ्याची जमिनीखालीच राहतात. ज्वारीत ढालीच्या आकाराचे एकमेव बीजपत्र दाण्यातच राहून भ्रूणपोषातील अन्न शोषते व ते अंकुरास पुरविते.

२) मूळ : द्विदलांत बहुधा सोटमूळ टिकून राहते. एकदलांत आद्यमूळ अल्पायुषी असते व खोडाच्या तळाकडील पेरांपासून तंतुमुळे फुटतात. उसाला मोठ्या बांधणीच्या वेळी मातीची भर दिली जाते, तिचे एक कारण हेच आहे. मातीने झाकलेल्या पेरांना नवी मुळे फुटतात व ऊस लोळण्याचे प्रमाण कमी होते.

३) पान : ज्वारी-उसाच्या पानात शिरा समांतर, तर द्राक्ष-घेवड्याच्या पानात जाळीदार असतात.

४) फूल : एकदलांत पुष्पभाग सामान्यतः तीनच्या पटीत, तर द्विदलांत चार किंवा पाचच्या पटीत असतात.

५) परागकण : एकदलांच्या परागकणास साधारणतः एकच खाच किंवा रंध्र असते. बहुसंख्य द्विदलांत तीन असतात.

६) खोड : द्विदल खोडात रसवाहिन्यांचे पूल वलयाकार रचलेले असून काष्ठ व परिकाष्ठ यांच्या दरम्यान कँबियम हा विभाजनक्षम थर असतो. एकदलांत पूल विखुरलेले असतात व हा थर नसतो.

कँबियम व त्याचे व्यावहारिक परिणाम

वरील लक्षणांपैकी सहावे लक्षण शेतीच्या दृष्टीने सर्वाधिक परिणामकारक आहे. तासगाव, मिरज, पलूस या तालुक्यांतील द्राक्षबागांत क्षार व पाणीटंचाई सहन करणाऱ्या डॉगरिजसारख्या खुंटावर इच्छित जातीचे कलम केले जाते. खुंट व कलमकाडी यांचे कँबियम थर परस्परांना भिडले, तरच दोघांच्या रसवाहिन्या जुळतात. मणी फुगविण्यासाठी केले जाणारे गर्डलिंगही याच रचनेवर आधारलेले आहे. सालीची अरुंद पट्टी काढली की बाहेरच्या बाजूस असलेले परिकाष्ठ तुटते व पानांत तयार झालेले अन्न खाली न उतरता घडांना मिळते. आतील काष्ठातून पाण्याचा पुरवठा मात्र चालूच राहतो. पूल विखुरलेले असलेल्या उसात अशी क्रिया संभवत नाही.

उसाची लागण टिपरीने होते. प्रत्येक पेरावरील डोळा व मुळांचे वलय यांच्यापासून संपूर्ण रोप तयार होते, म्हणून कलमाची आवश्यकताच उरत नाही. एकदलांत कलम अशक्य आहे, हे विधान मात्र आता दुरुस्त करावयास हवे. बीजातील भ्रूणावस्थेतील ऊती वापरल्यास गहू व ओट यांसारख्या एकदलांचेही कलम जुळते, असे केंब्रिज येथील संशोधकांनी २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले.

तणनाशकाचा प्रश्न

या भेदाचे सर्वांत गंभीर रूप २,४-डी या तणनाशकाच्या वापरात दिसते. हे रसायन वनस्पतीतील ऑक्सिन या वाढसंप्रेरकासारखे कार्य करते. द्विदल तणांत त्यामुळे पेशींची अनिर्बंध वाढ होते, खोडे पिळवटतात व रसवाहिन्यांचे कार्य बिघडते. ऊस व ज्वारी ही पिके त्याचे विघटन करू शकतात. शिवाय त्यांच्या उभ्या, अरुंद पानांवर फवारा कमी टिकतो आणि वाढीचे टोक पानांच्या वेष्टनात सुरक्षित असते. ज्वारी व उसाच्या मुळांवर जगणारा टारफुला हा परोपजीवी स्वतः द्विदल असल्याने त्याच्या नियंत्रणासाठीही या रसायनाचा उपयोग होतो.

याच गुणातून त्याच्या मर्यादाही निष्पन्न होतात. लव्हाळा व हराळी ही एकदल तणे त्यास दाद देत नाहीत. उसात हरभरा, भुईमूग किंवा सोयाबीनचे आंतरपीक असेल तर तणाबरोबर आंतरपीकही जळते. द्राक्षवेल या रसायनास अतिशय संवेदनशील आहे. उसावरील फवारा वाऱ्याने शेजारच्या बागेत गेल्यास किंवा त्याच्या बाष्पशील प्रकाराची वाफ पसरल्यास द्राक्षाची पाने पंख्यासारखी आकसतात व फुटी वाकड्या होतात. फवारणाऱ्याचे पीक सुस्थितीत राहते आणि नुकसान मात्र शेजाऱ्याचे होते. परीक्षेतील पाच गुणांचा हा प्रश्न प्रत्यक्षात दोन बांधांमधील संबंधांचा प्रश्न ठरतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे. यांतील बहुतांश विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतूनच आलेले असतात.

अपवादांचे महत्त्व

तक्त्यातील प्रत्येक लक्षणास अपवाद आहेत व ते दूरचे नाहीत. अळू, सुरण व घोटवेल यांची पाने जाळीदार असली तरी या वनस्पती एकदल आहेत. लागवडीतील हळद त्रिगुणित व वंध्य असल्याने तिला बहुधा बी धरत नाही. जेठ्या गड्ड्यांपासून वाढणाऱ्या या पिकाची बीजपत्रे मोजण्याचा प्रसंगच शेतकऱ्यावर येत नाही.

२०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांचा समावेश झाला, त्यांपैकी एक असलेले कास पठार या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथील तळ्यातील कुमुदिनीचे तरंगते पान कमळवर्गीय वाटते. परंतु तिचे फूल बहुधा पाच पाकळ्यांचे असून ती निःसंशय द्विदल आहे. याउलट, साताऱ्यावरून जातिनाम मिळालेला व १९८२ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला वायतुरा एकदल असूनही त्याच्या फुलात तीन पाकळ्यांचा ठराविक संच दिसत नाही. गेंदाचे शुभ्र बोंडूक सूर्यफूल कुलाची आठवण करून देते, तरीही गेंद एकदलच आहे. सीतेची आसवे या कीटकभक्षी द्विदल वनस्पतीस मुळेच नसतात. सर्वांत लक्षणीय उदाहरण आमरींचे आहे. त्यांच्या धुळीसारख्या सूक्ष्म बीजात बहुधा एकही बीजपत्र विकसित झालेले नसते. ज्या लक्षणावरून वर्गाचे नाव पडले, ते लक्षणच नसताना त्या एकदलांत मोडतात, कारण त्यांचे स्थान वंशसंबंधावरून ठरते.

आधुनिक वर्गीकरणाचा निष्कर्ष

डीएनएच्या तुलनेवर आधारित एपीजी वर्गीकरण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले व २००३, २००९ आणि २०१६ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. त्यानुसार सर्व एकदल वनस्पती एकाच पूर्वजापासून आलेल्या आहेत. जुन्या द्विदल वर्गाचे मात्र विघटन झाले. तीन खाचांचे परागकण असणारा 'खरे द्विदल' हा मोठा गट वेगळा काढण्यात आला. सुमारे तीन चतुर्थांश सपुष्प वनस्पती त्यात येतात. सोनचाफा, सीताफळ, मिरी व दालचिनी यांचा स्वतंत्र गट मानला गेला, तर खऱ्या कमळाहून भिन्न असणारे पाणलिलीचे कूल त्याहीपूर्वी मूळ शाखेपासून अलग झाले होते. सीताफळाच्या फुलात तीन लांबट पाकळ्या का असतात, याचे कोडे त्यामुळे सुटते. दोन बीजपत्रे ही प्राचीन अवस्था होय. तिच्यातून एकदलांची शाखा पुढे आली. म्हणून केवळ दोन बीजपत्रे असणे हा निकटच्या नात्याचा पुरावा ठरत नाही.

निष्कर्ष

एकदल-द्विदल हा भेद टाकून देण्याजोगा नाही. पेरणी, कलम, आंतरपीक व तणनियंत्रण यांचे निर्णय आजही त्याच्या आधारे घेतले जातात. परंतु दोन समान वर्गांचा तक्ता म्हणून तो शिकविणे अपुरे आहे. एकदल हा एक वंश, खरे द्विदल हा दुसरा आणि या दोहोंत न बसणारे काही प्राचीन गट, अशी मांडणी अधिक यथार्थ ठरेल. प्रात्यक्षिकात ऊस व द्राक्ष यांच्या खोडांचे छेद शेजारीशेजारी ठेवावेत, अळू व सीताफळ यांसारखे अपवाद मुद्दाम द्यावेत आणि किमान तीन लक्षणे तपासल्याखेरीज निर्णय देऊ नये, असा दंडक ठेवल्यास तक्ता पाठ करणारा विद्यार्थी वनस्पती पाहू लागेल.