ऑनलाइन खेळसेवा, कन्सोलवरील

दूरचित्रवाणी संचाला जोडून ज्यावर इलेक्ट्रॉनिक खेळ खेळता येतात, अशा खास बनावटीच्या संगणकीय यंत्रास कन्सोल म्हणतात. हे यंत्र इंटरनेटद्वारे निर्मात्याच्या मध्यवर्ती यंत्रणेशी जोडून दूरस्थ खेळाडूंशी सामना खेळणे, खेळ उतरवून घेणे, खेळाची प्रगती साठवून ठेवणे, परस्परांशी संभाषण करणे इ. सोयी जी सेवा पुरविते, तिला ऑनलाइन खेळसेवा असे म्हणतात. सोनी कंपनीची प्लेस्टेशन नेटवर्क, मायक्रोसॉफ्ट कंपनीची एक्सबॉक्स व निन्टेंडो कंपनीची निन्टेंडो स्विच ऑनलाइन या प्रमुख खेळसेवा होत. कन्सोलची किंमत एकदाच द्यावी लागते. सेवेची वर्गणी मात्र यंत्र वापरात असेपर्यंत देत राहावी लागते. त्यामुळे प्रतिस्पर्धी कन्सोलांची तुलना केवळ यंत्राच्या छापील किंमतीवरून करणे अपुरे ठरते.

इतिहास : कन्सोल दूरध्वनितारेस जोडण्याचे प्रयत्न इंटरनेटचा सार्वत्रिक प्रसार होण्यापूर्वीच सुरू झाले होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कंट्रोल व्हिडिओ कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ मध्ये अटारी २६०० या कन्सोलसाठी ‘गेमलाइन’ ही सेवा काढली. तीत मोडेमच्या साहाय्याने दूरध्वनीवरून खेळ उतरवून घेता येत. ही सेवा अल्पजीवी ठरली. परंतु तिच्या अवशेषांतून उभ्या राहिलेल्या कंपनीचेच पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ या विख्यात इंटरनेट कंपनीत रूपांतर झाले. जपानमध्ये निन्टेंडोने १९८८ मध्ये फॅमिकॉम कन्सोलला मोडेम जोडून रोख्यांच्या व्यवहारासारख्या सेवा दिल्या, तर सेगा कंपनीने १९९० मध्ये ‘मेगानेट’ ही सेवा सुरू केली. सेगाच्या १९९४ मधील ‘सेगा चॅनेल’ या सेवेत केबल दूरचित्रवाणीच्या तारेतून खेळ पुरविले जात व त्यासाठी मासिक वर्गणी आकारली जाई. ठराविक वर्गणीत अनेक खेळ देण्याची आजची पद्धत म्हणजे या योजनेचेच विकसित रूप म्हणता येईल.

सेगाच्या ड्रीमकास्ट (१९९८) या कन्सोलमध्ये मोडेम मुळातच बसविलेला होता. अमेरिकेत सप्टेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या ‘सेगानेट’ची वर्गणी दरमहा २१.९५ डॉलर होती व तीत इंटरनेट जोडणीचाही समावेश होता. तथापि २००१ मध्ये सेगाने कन्सोलनिर्मितीच थांबविली. मायक्रोसॉफ्टने १५ नोव्हेंबर २००२ रोजी ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू केली. संभाषणाचा शिरोध्वनिक व एक वर्षाची वर्गणी धरून तिचा प्रारंभिक संच ४९.९९ डॉलरला मिळत असे. ही सेवा केवळ जलदगती जोडणीवर चालत असून तीत सर्व खेळांसाठी एकच खेळाडूनाव, एकच मित्रयादी व ध्वनिसंभाषण या सोयी होत्या. याच वर्षी सोनीने प्लेस्टेशन २ साठी जालजोडणीचे साधन विक्रीस आणले. परंतु मध्यवर्ती सेवा न उभारता सर्व्हर चालविण्याचे काम खेळांच्या प्रकाशकांवर सोपविले. निन्टेंडोने २००५ मध्ये आणि सोनीने प्लेस्टेशन ३ बरोबर २००६ मध्ये स्वतःच्या सेवा सुरू केल्या. या दोन्ही सेवांवर सामने खेळण्यास वर्गणी नव्हती.

कार्यपद्धती : ऑनलाइन सामन्यात प्रत्येक खेळाडूच्या कृतीची माहिती इतरांच्या यंत्रांना सतत कळवावी लागते. यासाठी दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत सर्व यंत्रे एका स्वतंत्र सर्व्हरशी जोडलेली असतात व सामन्याचा निवाडा सर्व्हर करतो. दुसऱ्या पद्धतीत खेळाडूंची यंत्रे परस्परांशी थेट जोडली जातात आणि पुष्कळदा त्यांपैकीच एक यजमानाचे काम करते. या दुसऱ्या पद्धतीत सेवाचालकाचे काम मुख्यतः खेळाडूंची ओळख पटविणे व त्यांच्या जोड्या लावणे एवढेच उरते. प्रत्यक्ष सामना खेळाडूंच्याच यंत्रांवर व त्यांनी स्वतंत्रपणे पैसे भरलेल्या इंटरनेट जोडणीवर चालतो. वर्गणी नेमकी कशासाठी, हा आक्षेप यातूनच उद्भवला आहे.

खेळाची प्रत प्रतिसादविलंबावर अवलंबून असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लक्ष किमी. वेगाने जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सु. ३,९०० किमी. असल्यामुळे तेथील सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्यास किमान सु. ३९ मिलिसेकंद लागतात. केबलचा वळणावळणाचा मार्ग व मधल्या उपकरणांतील प्रक्रिया यांमुळे प्रत्यक्ष काल याहून अधिक असतो. वर्गणी कितीही भरली, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणून सर्व्हर किती जवळ आहे, ही बाब ग्राहकाच्या दृष्टीने वर्गणीच्या दराइतकीच महत्त्वाची असते.

वर्गणीची वाढ : एक्सबॉक्स ३६० (२००५) या कन्सोलपासून मायक्रोसॉफ्टने सेवेचे दोन स्तर केले : विनामूल्य ‘सिल्व्हर’ व सामने खेळण्याची मुभा देणारा ‘गोल्ड’. गोल्डची वार्षिक वर्गणी प्रारंभी ४९.९९ डॉलर होती. ती नोव्हेंबर २०१० मध्ये ५९.९९ डॉलर झाली. याच वर्षी जूनमध्ये सोनीने ४९.९९ डॉलर वार्षिक वर्गणीची ‘प्लेस्टेशन प्लस’ ही ऐच्छिक सेवा काढली. प्लेस्टेशन ४ (२०१३) बरोबर मात्र बहुतेक सामन्यांसाठी हे सदस्यत्व आवश्यक ठरले. निन्टेंडोनेही सप्टेंबर २०१८ मध्ये स्विच कन्सोलसाठी वर्गणी सुरू केली. अशा रीतीने एका कंपनीने सुरू केलेली प्रथा सोळा वर्षांत तिन्ही कंपन्यांनी स्वीकारली. स्पर्धेमुळे किंमती उतरतात, हा सर्वसाधारण समज येथे खरा ठरला नाही. याचे कारण असे की, एकदा कन्सोल, खेळ व मित्रमंडळी एका सेवेत गुंतली की, ग्राहकास दुसरीकडे जाणे महाग पडते.

ग्राहकांचा विरोध मात्र अगदीच निष्फळ ठरलेला नाही. २२ जानेवारी २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने गोल्डच्या वर्गणीत मोठी वाढ जाहीर केली. तथापि तीव्र नाराजीमुळे ती त्याच दिवशी मागे घेतली. मुळात विनामूल्य असलेल्या खेळांसाठी गोल्ड सदस्यत्वाची अटही एप्रिल २०२१ मध्ये रद्द करण्यात आली. अशा विनामूल्य खेळांना प्लेस्टेशन व स्विच यांवर सामान्यतः ही अट नव्हती.

सेवा व खर्च यांची तुलना : पुढील दर अमेरिकेतील असून ते जाहीर झाल्याची वर्षे दिली आहेत. स्विच ऑनलाइनची वर्गणी २०१८ मध्ये महिन्यास ३.९९ व वर्षास १९.९९ डॉलर ठरविण्यात आली. आठ खात्यांपर्यंतच्या कुटुंबासाठी ती वर्षास ३४.९९ डॉलर, म्हणजे आठही खाती वापरल्यास दरडोई सु. ४.३७ डॉलर होती. जुन्या खेळांचा अधिक मोठा संग्रह देणारा ४९.९९ डॉलरचा वरचा स्तर ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. प्लेस्टेशन प्लसचे जून २०२२ मध्ये तीन स्तर करण्यात आले. सप्टेंबर २०२३ मधील वाढीनंतर त्यांचे वार्षिक दर अनुक्रमे ७९.९९, १३४.९९ व १५९.९९ डॉलर झाले. मायक्रोसॉफ्टने जून २०१७ मध्ये ‘गेम पास’ ही खेळसंग्रहाची सेवा काढली व सप्टेंबर २०२३ मध्ये गोल्डही तीत विलीन केली. ऑक्टोबर २०२५ मधील पुनर्रचनेत तिच्या तीन स्तरांची मासिक वर्गणी ९.९९, १४.९९ व २९.९९ डॉलर अशी ठरविण्यात आली.

कन्सोलचे आयुष्य सात वर्षे धरल्यास प्लेस्टेशनच्या सर्वांत खालच्या स्तराचा खर्च २०२३ च्या वार्षिक दराने ५५९.९३ डॉलर होतो. प्लेस्टेशन ५ ची नोव्हेंबर २०२० मधील प्रारंभिक किंमत ४९९.९९ डॉलर होती. म्हणजे सेवा यंत्राहून महाग पडते. स्विच ऑनलाइनचा असाच खर्च २०१८ च्या दराने १३९.९३ डॉलर होतो व तो त्या यंत्राच्या प्रारंभिक किंमतीच्या (२९९.९९ डॉलर) निम्म्याहून कमी आहे. हप्त्याची निवडही महत्त्वाची असते. स्विचची वर्गणी दरमहा भरणाऱ्यास वर्षाला ४७.८८ डॉलर, म्हणजे वार्षिक दराच्या दुपटीहून अधिक द्यावे लागत. एकरकमी पैसे भरण्याची ऐपत नसलेल्या ग्राहकालाच सेवा सर्वांत महाग पडते.

गेम पासच्या वरच्या स्तराचा २०२५ च्या दराने वार्षिक खर्च ३५९.८८ डॉलर होतो. ७० डॉलर किंमतीचे पाच नवे खेळ विकत घेण्यास जवळजवळ एवढेच पैसे लागतात. म्हणून वर्षाकाठी पाचांहून अधिक नवे खेळ खेळणाऱ्यास तो लाभदायक, तर एकच खेळ वर्षभर खेळणाऱ्यास तोट्याचा ठरतो. शिवाय विकत घेतलेली तबकडी पुनर्विक्रीस काढता येते; वर्गणीतून मिळालेला खेळ सदस्यत्व संपताच बंद होतो.

गौण सोयींतही फरक आढळतो. खेळाची प्रगती दूरस्थ साठवणुकीत ठेवण्याची सोय एक्सबॉक्सवर विनामूल्य आहे. प्लेस्टेशन व स्विच यांवर त्यासाठी सदस्यत्व लागते आणि स्विचवर काही खेळांना ती मुळीच लागू नाही. स्विचवरील ध्वनिसंभाषण दीर्घकाळ प्रामुख्याने भ्रमणध्वनीवरील स्वतंत्र ॲपमधून करावे लागे. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये संभाषणाची सोय यंत्रातच देण्यात आली.

सेवेचा अंत व मालकीचा प्रश्न : सेवा मध्यवर्ती असल्यामुळे तिच्यातील बिघाड सर्वांनाच भोवतो. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी होऊन सु. ७.७ कोटी खात्यांची माहिती धोक्यात आली व सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. सेवा कायमची बंद होणे हा त्याहून गंभीर प्रकार होय. मूळ एक्सबॉक्सची सेवा एप्रिल २०१० मध्ये, निन्टेंडोची वी व डीएस यांवरील सेवा मे २०१४ मध्ये आणि वी यू व ३डीएस यांवरील ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये संपुष्टात आले. यंत्र सुस्थितीत असूनही त्यावरील सामने अशा वेळी कायमचे थांबतात.

दूरस्थ भांडारातून घेतलेला खेळ ही मालमत्ता नसून वापराचा परवाना असतो. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार ही गोष्ट विक्रेत्याने ग्राहकास स्पष्टपणे सांगणे सामान्यतः बंधनकारक आहे. ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाल्यानंतर, विकलेले खेळ निरुपयोगी करू नयेत या मागणीसाठी यूरोपीय संघात नागरिकांचा उपक्रम उभा राहिला व जुलै २०२५ मध्ये त्यास दहा लक्षांहून अधिक सह्या मिळाल्या.

भारतातील ऑनलाइन खेळविषयक कायद्याने (२०२५) पैसे पणास लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. तथापि जिंकण्याच्या आशेने लावलेला पण नसलेली वर्गणी अथवा एकवार प्रवेशशुल्क आकारणारे मनोरंजनपर खेळ त्या बंदीबाहेर ठेवले. वर्गणी व पण यांतील भेद त्यामुळे भारतीय कायद्यातही स्पष्ट झाला आहे.

सारांश, कन्सोलची निवड करताना यंत्राची किंमत, अपेक्षित वर्षांची एकूण वर्गणी, खेळांचा खर्च व इंटरनेट जोडणीचा दर या चारही बाबी एकत्र मोजणे इष्ट ठरते. घरात अनेक खेळाडू असल्यास कौटुंबिक वर्गणी, वर्षाकाठी अनेक नवे खेळ खेळावयाचे असल्यास खेळसंग्रहाची वर्गणी आणि एकट्याने खेळावयाचे असल्यास वर्गणीविना तबकडीवरील खेळ, हे पर्याय सामान्यतः किफायतशीर ठरतात. ज्या सेवेत आपले मित्र अगोदरच आहेत, तिच्याकडे खेळाडू स्वाभाविकपणे ओढला जातो. मात्र या ओढीची किंमत वर्गणीच्या रूपाने दरवर्षी चुकवावी लागते, हे ध्यानात घेतले पाहिजे.